पुढच्या महिन्यात मिळणार नाही

महिना संपत आला की शहरातल्या काही माणसांना एकदम गोष्टी आवडायला लागतात. एक सीरम, एक सुती कुर्ता, एक नवा कॅफे आणि शहरातला एक 'लपलेला कोपरा', जिथे फोटोसाठी रांग लागलेली असते. यादी छापून येते. पुढच्या महिन्यात दुसरं सीरम, दुसरा कुर्ता, दुसरा कोपरा. पहिली बाटली संपली की तिच्यावरून मन उडालं, हे कोणी सांगत नाही. बाटली तीन महिने पुरते आणि आवड तिसाव्या दिवशी बदलते. मग उरलेलं सीरम कोणाच्या तोंडाला लावतात?

या सदरानेही एकदा यादी करावी म्हणतो. अट एकच. महिन्याची आवड म्हणायचं तर वस्तू त्या महिन्याची पाहिजे. पुढच्या महिन्यात मागायला गेलं तर विकणाऱ्याने वरपासून खालपर्यंत बघितलं पाहिजे. जी वस्तू जानेवारीत मिळते, जूनमध्ये मिळते आणि रात्री अकराला दहा मिनिटांत दाराशी येऊन बेल वाजवते, ती आवडायला कोणाची ना नाही. तिला महिना मात्र चिकटवू नये.

महिना श्रावण, मुक्काम मुंबई. कोण टिकतं बघू.

सौंदर्य

सीरम पहिल्या फेरीत बाद. व्हिटॅमिन सी, नायसिनमाइड, हायलुरॉनिक अ‍ॅसिड ही मंडळी बारा महिने तेरा काळ हजर असतात. कोरियातून दहा पायऱ्यांचं रूटीनही आलं आहे. त्या दहा पायऱ्या चढून शेवटी जे गाठायचं त्याला म्हणतात काचेसारखी त्वचा: ओलसर, चकचकीत, उजेड पडला की परत फेकणारी. श्रावणातल्या दमट सकाळी विरार लोकलमधून दादरला उतरणाऱ्या प्रत्येक बाईची त्वचा अशीच असते, तीही पासाच्या पैशात. कोरियन बायकांना दहा पायऱ्या लागतात, आपल्याला पुलाच्या पुरतात.

इस्त्री फिरवून सरळ केलेले केसही बाद. ते महिनाभर काय, महालक्ष्मीपर्यंतही टिकत नाहीत. उष्णतेने बसवलेला केस हवेतलं पाणी पितो आणि मूळ स्वभावावर जातो. या ऋतूत मुंबईत कुरळे केस ही फॅशन नसते, ते हवामान असतं.

आता फुलं. दादर पश्चिमेच्या फूलबाजारात वसईचा सोनचाफा पहाटेच्या गाडीने येतो. जीव तुटतो, पण तोही बाद. कलमी सोनचाफा आता जवळजवळ वर्षभर फुलतो, आणि नियम म्हणजे नियम. पास होतो तो केवडा. श्रावण अर्ध्यावर आला की बाजारात त्याची कणसं दिसायला लागतात. बोटाला काटे, भाव चढे, आणि वर गंमत अशी की हे फूल एरवी शंकराला वाहत नाहीत, पण बाजारात येतं ते शंकराच्याच महिन्यात. बंडखोर म्हणायचं ते याला. कणसातलं एक पान वेणीत खोवलं की डब्यातल्या बाकीच्या अत्तरांनी दाराशी उभं राहावं. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यात याच केवड्याचा अर्क काढतात आणि तो बाटलीतून वर्षभर मिळतो. म्हणून बाटली बाद, पान पास.

मेंदी तर विशेष गुणवत्तेत पास. तिचा रंग कातडीच्या अगदी वरच्या थराला धरतो. तो थर झडला की रंगही गेला, दोन-तीन आठवड्यांत कारभार आटोपला. संपायची तारीख अंगावर घेऊन येणारं दुसरं प्रसाधन दाखवा. फक्त ती 'दहा मिनिटांत काळी' मेंदी नको. मेंदीचं पान लालसर-तपकिरी रंग देतं, काळा देतच नाही. काळा येतो तो बऱ्याचदा केसांच्या डायमधल्या रसायनाचा, आणि त्याच्यामागून येते ती खाज. खाजेला हंगाम नसतो.

पेहराव

श्रावणातला मंगळवार म्हणजे मंगळागौर, आणि मंगळागौर म्हणजे शिवलेली नऊवारी. निऱ्या शिवलेल्या, ओचा शिवलेला, कासोटा शिवलेला. पाय घालायचे, चेन ओढायची, झाली तयारी. यावर नाक मुरडणाऱ्यांची एक पिढी अजून हयात आहे. त्यांनी ती साडी नेसून बसफुगडी घालून दाखवावी आणि मग बोलावं. ज्या मुलीने दिवसभर अंधेरीत लॅपटॉप बडवला आहे तिला संध्याकाळी सातला नऊ वार कापडाशी झुंजायला लावणं हा संस्कार नव्हे, शिक्षा आहे.

जागरणही आता शिवून मिळतं. हॉल रात्री दहाला रिकामा करायचा, स्पीकर त्याआधी बंद, केटररला दुसरीकडे पोचायचं. रात्र जागवायचा खेळ साडेनऊला आटोपतो आणि अकराला सगळ्या जणी आपापल्या घरी झोपलेल्या असतात. जागरणासाठी गाणी म्हणणारा, झिम्मा-पिंगा खेळणारा ग्रुप भाड्याने आणलेला असतो. नवी नवरी खुर्चीत बसून तो बघते आणि फोनवर टिपते. सासूबाई मात्र मध्येच उठतात, पदर खोचतात आणि 'लाट्या बाई लाट्या'ला अशा घुमतात की भाड्याच्या ग्रुपने वर्गणी भरून शिकवणी लावावी.

तरी अटीचा प्रश्न उरतोच. नऊवारी लग्नातही दिसते, गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत बुलेटवरही दिसते. मग ती श्रावणाची कशी? फरक एवढाच की शोभायात्रेत ती फोटोत टिपतात आणि मंगळागौरीत ती घामाने भिजते. एकीची घडी मोडत नाही, दुसरीची शिवण उसवते. उसवलेली पास.

आता पाय. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर पुढच्या उन्हाळ्याचे कपडे दाखवले आणि त्याखाली कोल्हापुरी चालवली. नाव कोल्हापूरचं घेतलं नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना या चपलेचं भौगोलिक मानांकन २०१९ सालीच मिळालेलं. इकडे आरडाओरडा झाला, तेव्हा प्रेरणा भारतीय कारागिरांची होती हे त्यांना आठवलं. वर्षअखेरीला दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, २,००० जोड इथेच बनवायचे ठरले, किंमत सुमारे ८०० युरो. कोल्हापूरच्या बाजारात चप्पल लाइनमध्ये घासाघीस करून पन्नास रुपये कमी केल्याचा अभिमान बाळगणाऱ्या घराण्यांनी या आकड्याकडे बघून मनाची समजूत कशी घातली, तो निराळ्या सदराचा विषय.

आपल्या यादीत मात्र ती नाही. श्रावणात कोल्हापुरी घालत नाहीत, एवढं ती घालणाऱ्या कुठल्याही माणसाला कळतं. चामडं भिजलं की फुगतं, वाळलं की आखडतं, ठेवून दिलं की बुरशी धरतं. शहाणं माणूस मृगाच्या आधीच तिला वर्तमानपत्रात गुंडाळून वर टाकतं. पाय उरतात ते फुटपाथवरच्या पावसाळी प्लास्टिक चपलेत. रंग असा की आधी कोणी ठरवून केला नसावा. आकार असा की डावा-उजवा हा निव्वळ श्रद्धेचा भाग. पण साचलेल्या पाण्यातून चालून येते, नळाखाली धरली की स्वच्छ होते, आणि गणपती गेले की फुटपाथवर तिचा ढीग घालून उरलेला माल उडवतात. तिला कोणत्याही राजधानीतून प्रेरणेचं पत्र आलेलं नाही. पास.

खाणं

या विभागात गर्दी आहे, त्यामुळे आधी बाहेर काढण्याचं काम.

साबुदाण्याची खिचडी बाद. बारमाही आहे, आणि उपवासाच्या नावाखाली तर जास्तच. उपवासाची मिसळ, उपवासाचा डोसा आणि उपवासाची थाळी खाऊन माणूस एरवीच्या दुप्पट जेवतो आणि देवाला सांगतो, बघ. त्या ताटातला साबुदाणा ज्या कंदाचा, तो कंद अमेरिका खंडातला. बटाटा, शेंगदाणा, मिरची, रताळं हेही तिथूनच आलेले. एवढ्या परदेशी पाहुण्यांना आपण सोवळ्यात बसवलं आणि आपल्या मातीतल्या वांग्याला पंगतीतून उठवलं. वरीचा भात आणि शिंगाडा कोपऱ्यात बसून हे सगळं बघत आहेत.

उकडीचे मोदकही बाद, आणि याचं दुःख मोठं आहे. आता ते फेब्रुवारीतही मिळतात, चॉकलेट भरून तर केव्हाही. बाप्पाच्या वाट्याचं अप्रूप आपण बाराने भागून टाकलं.

आता खरे उमेदवार. दादर, पार्ले, मुलुंड, ठाणे, कुठल्याही मोठ्या स्टेशनाबाहेर पाऊस सुरू झाला की पालघर, कर्जत, कसाऱ्याकडच्या बायका टोपल्या घेऊन बसतात. वजनकाटा नसतो, वाटे असतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी. यांतलं प्रत्येक पान वेगळ्या आठवड्याचं. टाकळा कोवळा असतो तेव्हाच खायचा, आठ दिवसांनी तो गवत होतो. फोडशी दिसते कांद्याच्या पातीसारखी आणि ती घेतल्यावर आत माती किती निघते यावर गिऱ्हाइकाची लायकी ठरते. भारंगी कडसर. ती आवडते म्हणणाऱ्यांपैकी निम्मे खरं बोलतात.

शेवळं यायची ती पहिल्या पावसात, श्रावणापर्यंत ती आटोपलेली असतात. म्हणजे श्रावणाच्या यादीत ती नापास आणि या अटीच्या दृष्टीने जगातली सर्वोत्तम भाजी. घशाला खाजणारा हा कोंब खाण्यासाठी आंबट काकडं त्याच टोपलीत ठेवलेली असतात. रोग आणि औषध एकाच बाईकडून घ्यायचं. कायस्थांच्या घरी ती खिम्यात किंवा कोलंबीत पडतात. एवढ्या खटाटोपाची भाजी कुठल्याही अ‍ॅपवर चालणार नाही. तिथे गिऱ्हाईक खाजेबद्दल एक तारा देईल आणि पैसे परत मागेल.

करटुली काठावर पास. तिची आता रीतसर लागवड होते आणि ती प्लास्टिकच्या डबीत, वर स्टिकर मिरवत येते. रानातून शेतात, शेतातून फ्रिजमध्ये. अजून तरी तिचा हंगाम संपतो. ज्या दिवशी ती मार्चमध्ये दिसेल त्या दिवशी नाव काढू.

दरम्यान, चांगल्या हॉटेलांनाही रान सापडलं आहे. पांढऱ्या बशीच्या मधोमध टाकळ्याची पाच पानं, भोवती कसल्यातरी फेसाचे ठिपके, आणि वाढपी वाकून सांगतो की ही वनस्पती शेफने स्वतः जंगलातून आणली. टाकळा आणायला जंगलात जावं लागत नाही. तो रस्त्याच्या कडेला, रुळांच्या कडेला, पडक्या भिंतीखाली, जिथे कोणी लक्ष देत नाही तिथे सर्वत्र उगवतो. शेफ कुठे गेला होता ते विचारावं.

मासळीचा मामला मजेशीर. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ. म्हणजे ६१ दिवस खाणाऱ्याची तयारी आणि मासा रजेवर. ऑगस्टमध्ये बोटी निघतात, ताजा मासा धक्क्यावर येतो, आणि नेमकं तेव्हा खाणारं माणूस श्रावण पाळत असतं. मासा आणि मासेखाऊ यांची चुकामूक इतकी पद्धतशीर आहे की तिच्यामागे घाटावरच्या कोणाचा तरी हात असावा. २०२३ साली तर अधिक श्रावण आला. श्रावण दोन महिने चालला आणि घराघरांत 'अधिक धरायचा की फक्त निज' यावर असं शास्त्रोक्त मंथन झालं की आयुष्यात पंचांग न उघडलेले लोक निर्णयसिंधूचे दाखले देऊ लागले. कोळीवाड्यात हा प्रश्न पडत नाही. तिथे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात आणि कामाला लागतात. गिऱ्हाईक देवाकडे गेलं म्हणून कोलंबी वाट पाहत नाही.

गोडात पातोळ्या बिनविरोध. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, मग देशावर पुरणाचे दिंड उकडतात आणि कोकण-गोव्यात हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापून, आत गूळखोबरं घालून, पान दुमडून वाफवतात. सारी जादू त्या ओल्या पानाच्या वासाची. हळदीच्या दुधाला जगभरच्या कॅफेंमध्ये नवं नाव आणि कागदी पेला मिळाला. पानाची बातमी अजून तिकडे पोचलेली नाही. आपण गप्प बसावं.

गोकुळाष्टमीला सिंधुदुर्गाकडच्या घरी आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी. हाच पाला सुकवून, दळून, 'मोरिंगा' म्हणून डबीतून विकतात तेव्हा त्यात सगळी जीवनसत्त्वं असतात. घरच्या कढईत त्यात फक्त चव असते. डबी बारमाही, म्हणून बाद.

शहर

वाचन: तलावसाठा. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली ती लहानशी चौकट हे श्रावणातलं सर्वांत उत्कंठावर्धक मराठी साहित्य आहे. सात पात्रं: तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा. एकूण क्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. तुळशी भरून वाहिला की मोठी बातमी होते, फोटो येतो, लोक सुस्कारा सोडतात. सातांच्या साठ्यात तुळशीचा वाटा एक टक्काही नाही. त्याहून मोठा मान पवईला. तो भरला की पहिल्या पानावर, आणि त्याचं पाणी पिण्यालायक नाही ही ओळ बातमीच्या शेवटी. खरा भार भातसा वाहतो, तिकडे शहापूरच्या बाजूला, मुकाट्याने. शहराला जवळचा आणि फोटोत येणारा तलाव आवडतो. माणसांच्या बाबतीतही आपलं धोरण तेच आहे.

सहल: भरतीच्या दिवशी मरीन ड्राइव्ह. महापालिका मोठ्या भरतीच्या तारखा आधीच जाहीर करते, लोकांनी समुद्राजवळ जाऊ नये म्हणून. लोक ती यादी वेळापत्रक म्हणून वापरतात. भिजायला फुकट, भुट्टा तेवढा विकत. शिवाय समुद्र या दिवसांत वस्तू परत करण्याची सोय देतो. वर्षभर आपण त्याला दिलेल्या पिशव्या, बाटल्या, चपला तो कठड्यावरून रस्त्यावर आणून ठेवतो, टनांनी, कोणतंही कारण न विचारता. असं ग्राहकधोरण कुठल्या कंपनीकडे नाही.

वास्तू: मेट्रो तीनचं वरळीतलं आचार्य अत्रे चौक स्थानक. मे २०२५ मध्ये ते प्रवाशांसाठी उघडलं आणि त्याच महिन्यात पहिल्या मोठ्या पावसात पाणी आत शिरून ते बंद ठेवावं लागलं. गेल्या दहा हजार वर्षांत असं भुयारी स्थानक झालं नव्हतं! ज्यांचं नाव त्याला दिलं ते असते तर त्यांच्या 'मराठा' दैनिकाला आठवडाभराचे अग्रलेख मिळाले असते. महिन्याच्या अटीत ही घटना एवढी अचूक बसते की हरकत घ्यायला जागा नाही. पण तो महिना श्रावण नव्हता, म्हणून खेदाने बाद.

सोहळा: दहीहंडी. २०२२ साली राज्य सरकारने तिला साहसी खेळाचा दर्जा दिला, २०२५ मध्ये ठाण्यात जोगेश्वरीच्या कोकण नगर पथकाने दहा थर लावले. थरांवरची मुलं पास, शंभर टक्के. मंचावर त्यांच्याहून उंच उभे केलेले कटआउट बाद. ते दिवाळीतही तिथेच असतात, शुभेच्छा तेवढ्या बदलतात.

कारागीर: छत्री दुरुस्त करणारा. जूनमध्ये कोपऱ्यावर उगवतो, सप्टेंबरनंतर तोच माणूस चेन आणि कुलपं दुरुस्त करताना दिसतो. त्याच्याकडे तारेचे तुकडे, काड्यांचा गठ्ठा आणि तुमच्या तीन घडीच्या छत्रीबद्दल स्पष्ट मत असतं. ती छत्री उलटी होण्यासाठीच बनली आहे, असं तो सांगतो. तरीही जोडून देतो. वस्तू टाकून नवी घ्यायला न सांगणारा या शहरातला हा शेवटच्या काही धंदेवाल्यांपैकी एक, म्हणून त्याला प्रायोजक मिळत नाही. पास.

खड्डे मात्र बाद. अनेकांनी शिफारस केली, पण श्रावणात नवे येतात तरी जुने जात नाहीत. बारमाही माल आपण घेत नाही.

पत्ते आणि किमती

अशा याद्यांखाली वस्तू कुठे मिळेल आणि केवढ्याला, हे द्यायची रीत आहे. इथे ते जमणार नाही. हे छापून तुमच्या हातात येईपर्यंत केवड्याचं कणीस वाळलेलं असेल, टाकळ्याचं गवत झालेलं असेल, मेंदी फिकी पडली असेल आणि टोपलीवाली बाई भाताच्या कामाला गावी गेलेली असेल. या यादीवरून कोणाचाही एक रुपया खर्च होऊ शकत नाही, एवढी हमी देतो. बाकीच्या याद्यांनी तेवढी द्यावी.

ज्यांना तरीही खरेदी करायचीच आहे त्यांनी पुढच्या श्रावणात यावं. मध्ये अधिक महिना येत असेल तर आणखी एक महिना थांबावं.